‘उत्पन्न जास्त’ : एका नामंजूर अर्जाचा पाठपुरावा

माझ्या धाकट्या भावाचा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज नामंजूर झाला, तेव्हा यादीत त्याच्या नावापुढे ‘उत्पन्न जास्त’ एवढाच शेरा होता. कोणत्या मर्यादेपेक्षा जास्त, याचा उल्लेख कुठेच नव्हता. तहसील कार्यालयाच्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत ‘नवीन अर्ज करा’ असा सल्ला मिळाला. परंतु पहिला अर्ज नेमका कशामुळे अडला हे कळल्याशिवाय दुसरा करणे मला निरर्थक वाटले, कारण तोही त्याच छाननीतून त्याच शेऱ्यानिशी परत आला असता.

म्हणून नामंजुरीचे कारण लेखी कळवावे असा साधा अर्ज आवक विभागात देऊन मी त्याची पोच घेतली आणि त्याच दिवशी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, छाननी तक्ता, तलाठ्यांचा चौकशी अहवाल व तालुकास्तरीय समितीच्या बैठकीचे इतिवृत्त यांच्या प्रती मागितल्या. माहिती अधिकाराचे उत्तर ३० दिवसांची मुदत संपता संपता आले. साध्या अर्जाला उत्तर मिळालेच नाही.

कारण छाननी तक्त्यात सापडले. या योजनेत सर्वसाधारण अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, तर दिव्यांग अर्जदारासाठी ती ५०,००० रुपये आहे. आमचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला होता ३६,००० रुपयांचा. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अर्जाला जोडलेले होते आणि पोचपावतीवर त्याची नोंदही होती. तरीही तक्त्यातील प्रवर्गाच्या रकान्यात केवळ ‘निराधार’ असे लिहिले गेल्यामुळे त्याच्या अर्जाला २१,००० रुपयांची मर्यादा लावली गेली होती. चौकशी अहवालात त्याच्या दिव्यांगत्वाचा स्पष्ट उल्लेख होता, म्हणजे एकाच फाइलमधले दोन कागद परस्परविरोधी होते.

वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे करावयाच्या अपिलाचा मसुदा एका हितचिंतकांनी तयार करून दिला होता. त्यात घरच्या हलाखीचे बरेच वर्णन होते. ते सारे खरे असले तरी मी वगळले, कारण वाद आमच्या गरिबीचा नसून मर्यादा कोणती लागू होते एवढाच होता, आणि सहानुभूती मागितली की मुद्दा बाजूला पडतो असे माझे मत आहे. अपील एका पानात बसले. सोबत तक्ता, अहवाल, प्रमाणपत्र व पोचपावती अशा क्रमांक घातलेल्या प्रती जोडल्या आणि मजकुरात त्या क्रमांकांचाच निर्देश केला.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी, प्रमाणपत्र अर्जाच्या तारखेपूर्वीचे आहे का, एवढेच विचारले. ते तसे होते. प्रकरण फेरविचारासाठी समितीकडे परत गेले आणि पुढच्या बैठकीत मंजूर झाले. मंजुरी मात्र त्या बैठकीपासूनची धरली गेल्याने मधल्या महिन्यांचे अनुदान मिळालेले नाही. त्यासाठी दिलेला अर्ज अद्याप प्रलंबित आहे.