जानापाव: पाऊस थांबल्यानंतरचा तास

इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याला लागलं, राऊ आणि महू मागे पडलं, की साधारण 45 किलोमीटरवर जानापावचा डोंगर येतो. चंबळेचा उगम इथला. परशुरामाचं जन्मस्थान मानतात, म्हणून कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते. उंची साडेआठशे मीटरच्या आसपास. आमच्यासारख्या उताराच्या सायकलवाल्यांना भावतो तो देवळापर्यंत गेलेला डांबरी रस्ता. सायकली गाडीत टाकून वर न्यायच्या, पायवाटेनं खाली सुटायचं, गाडीवाला खाली थांबलेला. सकाळी सहाला पोहे-जिलेबी आटोपून निघालं तर दहाच्या आत दोन फेऱ्या होतात. शनिवार-रविवारी मात्र वाटेवर भाविक असतात, तेव्हा घड्याळ लावून उतरायचा विचारही नको. जंगलखात्याच्या हद्दीत शिरायचं असेल तर आधी विचारून घ्यावं.

जुलैत जायचं म्हटलं की लोक पावसाला घाबरतात. घाबरावं ते पाऊस थांबल्यावर.

माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना भेगाळते. धो-धो कोसळत असेल तेव्हा ती पातळ राबडी होते. चाक तिच्यातून खाली जातं, खालचा दगड किंवा मुरूम पकडतं, आणि टायरला लागलेली राड पाण्यानंच धुतली जाते. पाऊस थांबला, वर थोडं ऊन आलं, वारा सुटला, की तासाभरात तिची कणीक मळल्यासारखी होते. मग टायरवर आधी माती, मातीवर गवत, गवतावर मुरमाचे खडे, असा लाडू वळला जातो. पुढचं चाक धरणाऱ्या काट्याच्या कमानीत बोटभर फट असते, ती भरली की पुढचं चाक फिरायचं थांबतं. उतारावर पुढचं चाक अडकणं म्हणजे काय, हे सांगायला नको. डोंगराच्या वरच्या अंगाला माती पातळ आणि मुरूम जास्त, तिथे पाणी लवकर निचरतं. खरी काळी माती पायथ्याशी. म्हणजे वरची वाट चकचकीत कोरडी दिसते, वेग पुरेपूर मिळतो, आणि शेवटच्या सपाटीला सापळा. वाट चालून बघायची तर खालून वर चालत जा. सापळा आधी दिसतो.

टायरबद्दल दोन तट आहेत. एक म्हणतो, लांब रबरी खिळ्यांचा चिखलाचा टायर घाला. दुसरा म्हणतो, नेहमीचाच ठेवा. माझं मत असं: सतत पाऊस असेल आणि माती खोल भिजली असेल तरच खिळे. ते मऊ मातीत खोल रुततात, पण कातळावर वाकतात आणि वळणात सायकल अंगाखालून सरकते. जानापावला कातळ भरपूर, त्यावर शेवाळही. म्हणून पुढे 2.4 इंची, उंच आणि विरळ गुट्ट्यांचा (रबरी उंचवट्यांचा) टायर, मागे नेहमीचा. विरळ यासाठी की दोन गुट्ट्यांमधून माती सुटली पाहिजे. दाट नक्षीचा टायर पाच मिनिटांत गुळगुळीत होतो. स्पर्धेतले लोक खिळे कटरनं अर्धे कापूनही वापरतात. मिश्र वाटेवर ती चांगली तडजोड आहे, पण धारदार कटर आणि अख्खी दुपार हवी.

हवेचं गणित बारीक आहे. 75 किलोच्या माणसाला, ट्यूबलेस आणि जाड भिंतीच्या टायरला, कोरड्यात पुढे 23 आणि मागे 26 पीएसआय चालते. ओल्यात दोन्हीकडे 2 कमी. त्याहून खाली गेलात तर मागची रिम दगडावर आपटते. आता गंमत बघा. घरच्या बंद गॅरेजमध्ये 32 अंशांत हवा भरली आणि डोंगरावर पावसात 22 अंश असले, तर आकड्यात सव्वा पीएसआय आपोआप गेलेली असते. तुम्ही वर आणखी 2 काढलीत तर झाला घोळ. हवा वर पोचल्यावरच तपासायची, आणि एकाच डिजिटल मापकानं. पंपावरच्या काट्यावर माझा विश्वास नाही.

सस्पेन्शनमध्ये फार हात घालू नये. दाबाचं डॅम्पिंग (धक्क्यानं दबण्याला होणारा अटकाव) दोन-तीन क्लिक सैल, रिबाउंड (दबून परत उसळणं) एखादी क्लिक जलद, एवढं पुरे.

ब्रेकमध्ये मात्र कंजुषी नको. राळेचे पॅड चिखलात दळले जातात, एका ओल्या दिवसात संपलेले पाहिले आहेत. धातूचे पॅड ओरडतात, पण टिकतात. लावण्याआधी ब्रेकच्या डिस्कवर फक्त राळेचे पॅड वापरा असं कोरलंय का ते बघा, कारण स्वस्त डिस्क धातूच्या पॅडनं खाल्ली जाते. नवे पॅड डांबरी रस्त्यावर पंधरा-वीस वेळा वेगातून जवळजवळ थांबेपर्यंत दाबून बसवून घ्यायचे, तेही कोरड्यात, आदल्या दिवशी. ओल्या डिस्कला पहिली पकड उशिरा येते, म्हणून वळणाच्या थोडं आधी लिव्हर हलका टेकवून डिस्क पुसून घ्यायची. चिखल चिकटू नये म्हणून फ्रेमला सिलिकॉन फवारतात, तेव्हा डिस्क आणि कॅलिपर (पॅड धरणारा भाग) कापडात गुंडाळा. एक थेंब पडला तर पॅड गेले.

उतरताना तुळतुळीत, चकाकणारी रेघ टाळायची. सगळ्यांच्या चाकांनी घोटलेली असते ती. तिच्या बाहेर, गवताच्या कडेला, अजून पकड शिल्लक असते. ओलं मूळ आडवं आलं तर त्याला काटकोनात भिडायचं. मुळावर ब्रेक नाही, वळण नाही. ब्रेक त्याच्या आधी किंवा नंतर. शेवाळलेल्या कातळावरही हाच नियम.

घड्याळ लावणार असाल तर दोघांमध्ये किमान दोन मिनिटांचं अंतर ठेवा, कारण ओल्यात पडलेल्याला सायकलसकट बाजूला व्हायला वेळ लागतो. सुटण्याचा क्रमही महत्त्वाचा. मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेरीत पात्रता फेरीतला सर्वात वेगवान शेवटी सुटतो, म्हणून मधेच पाऊस आला की फटका त्यालाच. 2017 मध्ये कॅनडात माँ-सेंत-आन इथे असंच झालं, आणि शेवटी सुटलेला अमेरिकेचा आरन ग्विन तरीही जिंकला. 2011 ची स्वित्झर्लंडमधल्या शाम्पेरीची जागतिक स्पर्धा तर चिखलातच झाली. ब्रिटनच्या डॅनी हार्टनं ती 11 सेकंदांहून जास्त फरकानं मारली, जिथे एरवी सेकंदाच्या अंशांवर भांडण असतं. ओल्यात फरक असे वाढतात. आपल्या मित्रांच्या शर्यतीत क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि पाऊस बदलला तर सगळ्यांनी पुन्हा उतरावं. नाहीतर परतीच्या गाडीत वाद ठरलेला.

गॉगलवर फाडून टाकायच्या पापुद्र्यांऐवजी गुंडाळी फिरणारी फिल्म बरी. जंगलात प्लास्टिक उडत नाही. कोरड्या हातमोज्यांची दुसरी जोडी झिपच्या पिशवीत. पेडल सपाट, लांब पिनांचे. क्लीटमध्ये (बूट पेडलला अडकवणाऱ्या तळव्याच्या खाचेत) काळी माती भरली की बूट अडकतच नाही.

विजा दिसल्या तर माथ्यावर थांबायचं नाही, झाडाखाली तर नाहीच. गाडीत बसा. आणि परतताना पाताळपाणीला वळायचा मोह झालाच तर धबधब्याच्या वर, पात्रात उतरून सायकली धुऊ नका. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचं पाणी काही मिनिटांत येतं. 2011 च्या जुलैत तिथे माणसं अशीच वाहून गेली.

सायकल घरीच धुवा, बागेच्या नळीनं. गाड्या धुण्याच्या केंद्रातला जोराचा फवारा बेअरिंगच्या रबरी कडेतून पाणी आत ढकलतो. आधी लाकडी उलथन्यानं गोळे काढून टाका, माती ओली असतानाच. रात्रभर राहिली तर विटेसारखी होते. चेन पुसून ओल्या हवामानाचं तेल. हँडलखालची खालची बेअरिंग दुसऱ्या दिवशी उघडून ग्रीस भरा, पुढच्या चाकाचा चिखल थेट तिथेच उडतो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभरानं बदला.