तेवीस पोफळी

माहिती अधिकाराचा अर्ज साधाच होता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, शाळामास्तरांचं गोल, ठसठशीत अक्षर आणि खाली एकच मागणी: पंचायत समितीच्या एका पदाधिकाऱ्याची एप्रिल २०१९ ते डिसेंबर २०२० या काळातली प्रवासभत्त्याची देयके प्रत्यक्ष पाहायला मिळावीत. झेरॉक्स नकोत, पाहणी हवी. यातलं मर्म आमच्या शाखेत सगळ्यांना लगेच कळलं. झेरॉक्स मागितल्या तर पानाला दोन रुपये घेऊन मागितलेली तेवढीच पानं हातात पडतात. पाहणीत अख्खी नस्ती, म्हणजे फाइल, टेबलावर येते, मागच्या टिपण्यांसकट, आणि पहिल्या तासाला पैसेही पडत नाहीत.

मी तेव्हा लेखा शाखेत वरिष्ठ सहायक होते. ती सगळी देयकं माझ्याच टेबलावरून गेलेली. तालुक्याचं आणि माणसांचं नाव इथे लिहीत नाही. किनाऱ्यावरचा तालुका, निसर्ग वादळाने झोडपलेला, एवढं पुरे.

२०२१ च्या फेब्रुवारीतला तो दिवस. गुरुजी साडेदहाच्या ठोक्याला आले. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली, अंगात पांढरा शर्ट, हातात पिशवी. सोबत एक बागायतदार तात्या आणि मासळी विकणाऱ्या दोन बायका. अर्जदार एकटे गुरुजी, त्यामुळे बाकीच्यांना बसू द्यायचं की नाही यावर थोडी कुजबुज झाली. जन माहिती अधिकाऱ्यांनी बसू दिलं. मी सभागृहातल्या लांब टेबलावर नस्त्या आणून ठेवल्या आणि पान हरवू नये म्हणून समोरच बसले. नियमच आहे तसा.

पहिला अर्धा तास गुरुजींनी फक्त तारखा उतरवून घेतल्या. मग त्यांनी विचारलं, "बाई, जिल्ह्याला बैठकीला जायचं तर आपण कुठून जातो?"

"फेरीबोटीने," मी म्हणाले.

आमच्या किनाऱ्यावर हे कुणाला विचारायची गरज पडत नाही. दर थोड्या अंतरावर एक खाडी समुद्रातून आत शिरलेली. दिघी-आगरदांडा, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सगळीकडे गाडीसकट बोटीत चढायचं आणि पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे उतरायचं. बोट नको असेल तर खाडीच्या कडेकडेने आत जाऊन पूल गाठायचा आणि पुन्हा तेवढंच अंतर परत यायचं. अर्धा दिवस त्यातच जातो. ज्याच्याकडे गाडी आहे तो डिझेल वाचवायला बोटच धरतो. त्या पदाधिकाऱ्यांची पांढरी गाडी बोटीवर सगळ्यांनी पाहिलेली. मीही पाहिली होती. एकदा तर आम्ही एकाच फेरीत होतो, त्यांनी मला चहा विचारला होता.

देयकात मात्र प्रत्येक वेळी वळशाचा रस्ता होता. पुलावरून जाणं, पुलावरून येणं. प्रवासभत्त्याचा मूळ नियमच आहे की जवळच्या आणि कमी खर्चाच्या मार्गाचं अंतर धरायचं. तो मला पाठ आहे. नव्या मुलांना मीच शिकवते. त्या एकवीस महिन्यांत मी एकदाही पेन्सिलीने अंतर कमी केलं नव्हतं.

गुरुजींनी त्यावर आवाज चढवला नाही. "हं," म्हणाले आणि पान उलटलं. मग एका देयकावर त्यांचं बोट थांबलं.

दिनांक ४ जून २०२०. प्रयोजन: वादळग्रस्त भागाची पाहणी. स्वतःच्या वाहनाने, तालुक्याच्या दोन टोकांच्या गावांपर्यंत आणि परत. रक्कम १,१५० रुपये.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना या एका तारखेचा अर्थ लागायचा नाही. ३ जूनला दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. आमच्याकडे सकाळपासूनच वारा घुमत होता. दुपारी घराचे पत्रे उडाले, कौलं पत्त्यांसारखी गेली, आणि संध्याकाळी वारा पडल्यावर बाहेर येऊन पाहिलं तर शेजारचं घर थेट दिसत होतं. मध्ये आंब्याची दोन कलमं होती, ती आडवी झाली होती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ४ जूनला, गावातून डांबरी रस्त्याला लागायलाही वाट नव्हती. दर दहा पावलांवर झाड, त्यावर विजेचा खांब, त्याला गुंडाळलेल्या तारा. वीज नाही, फोन नाही. मी स्वतः चार दिवस कार्यालयात पोचू शकले नाही. त्या चार दिवसांची माझी गैरहजेरी कशात धरायची यावर पुढे पत्रव्यवहार झाला, तोही याच कार्यालयात.

गुरुजींनी पिशवीतून डायरी काढली. रोज चार ओळी लिहायची त्यांची सवय. त्यांनी ४ जूनचं पान उघडून देयकाच्या शेजारी ठेवलं. 'सकाळी सहापासून कुऱ्हाड आणि कोयते. सगळी वाडी रस्त्यावर. अंधार पडेस्तोवर शाळेपर्यंत वाट झाली.' देयकात त्याच दिवशी, त्याच शाळेवरून गाडी दोनदा गेली होती.

त्यांनी देयकाच्या कोपऱ्यातल्या लाल खुणेवर बोट ठेवलं. "तपासले, असं लिहिलंय. ही सही कुणाची?"

"माझी."

त्या सभागृहात पंखा चालू होता, त्याचा आवाज मला अजून आठवतो. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ते रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

देयक ऑगस्टमध्ये आलं होतं. तारीख वाचताना माझा हात थांबला होता, हे मला पक्कं आठवतं. वर दौऱ्याला मंजुरीची सही होती, खाली 'सदर प्रवास मी प्रत्यक्ष केला आहे' हे छापील प्रमाणपत्र आणि त्याखाली सही. दोन्ही सह्या असल्या की आमच्यात देयक अडवत नाहीत. अडवलं तर दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं येतं, आणि पुढच्या बदलीच्या वेळी कुणाला तरी आपलं नाव आठवतं. मी खूण केली आणि पुढे सरकवलं. एक हजार एकशे पन्नास रुपयेच तर होते.

तोवर गप्प बसलेल्या तात्यांनी विचारलं, "किती म्हंजे?"

मी रक्कम सांगितली. ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, "बाय, म्हंजे माज्या तेवीस पोफळी."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. वादळानंतर बागायतीला आधी हेक्टरी मदत जाहीर झाली. पण आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत, त्यात माड, पोफळी, मिरवेल सगळं एकात एक. हेक्टरात बसवलं तर हातात काहीच येईना. म्हणून मग झाडागणिक मदत ठरली: माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं घेणारं झाड, नंतर कित्येक वर्षं खंडीने सुपारी देणारं, त्याचे ५० रुपये. तात्यांचा हिशोब बरोबर होता. तेवीस झाडांचे एक हजार एकशे पन्नास.

आणि ते तेवीस झाडांचे पैसे मिळवायला काय काय लागलं ते त्यांनी पिशवीतून टेबलावर मांडलं. सातबारा. आधारची झेरॉक्स. पासबुकाचं पहिलं पान. सामायिक जमीन, म्हणून मुंबईतल्या भावांची संमतिपत्रं. पडलेल्या झाडाशेजारी उभं राहून काढलेला फोटो. पंचनाम्याची प्रत, तीवर पंचांच्या सह्या. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत झाडं उचलायची नाहीत म्हणून ती पावसात तशीच कुजत पडलेली.

मासळीवाल्या मावशींपैकी एक उठून उभी राहिली. तिच्या होडीचा पंचनामा दोनदा परत आला होता, फोटोत नंबर दिसत नाही म्हणून. ती माझ्याशी बोलत नव्हती, सभागृहाशीच बोलत होती. "आमची होडी फुटलेली डोल्यासमोर हाय, तरी तुमाला फोटो पायजे. त्याची गाडी कुनीच बघितली नाय, तरी तुमाला सही पुरते."

प्रवासभत्त्याच्या रकमा कधीच फार मोठ्या नसतात. रस्त्याच्या एका कामात मुरतं त्याच्या पासंगालाही त्या पुरत नाहीत. तरी माणसं पेटतात ती इथेच, आणि का, ते मला त्या बाईच्या वाक्याने कळलं. कोट्यवधीचा आकडा डोळ्यांसमोर उभा राहत नाही. बोटीचं तिकीट, गाडीचं डिझेल, एका झाडाचे पन्नास रुपये हे सगळ्यांनी आपल्या खिशातून मोजलेलं असतं.

दुपारी दोनपर्यंत बातमी बाजारात गेली होती. मागच्या खिडकीतून पाहिलं तर आवारात साठ-सत्तर माणसं. घोषणा नव्हत्या, झेंडे नव्हते, म्हणून जास्त भीती वाटली. गटविकास अधिकाऱ्यांनी पोलिसांना फोन केला आणि त्या पदाधिकाऱ्यांनाही. ते आले. माणूस वाईट बोलणाऱ्यातला नव्हे, हेही सांगायला हवं. लग्नाकार्याला, मयताला हजर असणारा. पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी सांगितलं की देयक ड्रायव्हरने भरलं, आपण घाईत सही केली, तारीख चुकली असेल, दौरा झाला तो नंतर झाला. "एवढ्याशा रकमेसाठी मी माझं नाव घालवीन का?"

तिथेच घात झाला. 'एवढ्याशा' या शब्दावर आवार उसळलं. एकाने आपला पंचनाम्याचा कागद फाडून पायऱ्यांवर फेकला. दुसऱ्याने ओरडून विचारलं की त्याच्या घराच्या पत्र्यांचे पैसे एवढेसेच होते ते का अडकले. कोणी कोणाच्या अंगावर गेलं नाही, गुरुजी मध्ये हात पसरून उभे होते. मी वर दारात उभी होते, आणि मला सारखं वाटत होतं की यातला अर्धा राग माझ्या वाट्याचा आहे आणि तो चुकून त्या माणसाच्या अंगावर पडतो आहे.

साडेपाचनंतर आवार रिकामं झालं. मला वस्तुस्थितीची टिपणी द्यायला सांगितलं होतं. कोरा कागद समोर घेऊन बसले तेव्हा माहिती अधिकाराच्या एका प्रशिक्षणात ऐकलेली गोष्ट आठवली. २००९ साली ब्रिटनमध्ये खासदारांच्या भत्त्यांची बिलं 'डेली टेलिग्राफ'ने छापली. कोणी वाड्याभोवतीचा खंदक साफ केल्याचा खर्च दाखवलेला, कोणी दुसऱ्या घराच्या नावाखाली पैसे उचललेले. लोक इतके खवळले की सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडावं लागलं, पुढे काही जण तुरुंगातही गेले. सगळ्यात गाजलं ते तळ्यातल्या बदकांचं घर, १,६४५ पौंडांचं. पण त्या घराचे पैसे दिलेच गेले नव्हते. तिथल्या लेखा कार्यालयातल्या कुणीतरी त्या मागणीवर शेरा मारून ठेवला होता. आमच्या भाषेत त्याचं भाषांतर तंतोतंत होतं: 'अनुज्ञेय नाही.' प्रशिक्षणात सगळे बदकांना हसले होते. मला त्या संध्याकाळी तो शेरा मारणारा कारकून आठवला. त्यालाही वर कुणी साहेब असणार, त्याचीही बढती, बदली असणार.

मी टिपणीत लिहिलं: 'सदर देयक पारित करताना दिनांक व मार्ग यांची खातरजमा केलेली नाही. दिनांक ४ जून २०२० रोजी नमूद मार्ग बंद असल्याचे मला व्यक्तिशः माहीत होते. सबब सदर रक्कम अनुज्ञेय नव्हती.' शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, "दुसरं वाक्य काढा, ताई. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला?" मी काढलं नाही. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, मी उत्तर दिलं, सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली. ती योग्य होती.

४ जूनचे पैसे महिनाभरात चलनाने भरले गेले. बोटीच्या फेऱ्यांचं घोंगडं मात्र भिजतच पडलं. मार्गाचा फरक काढून मी तक्ता केला, तो वर गेला, लेखापरीक्षणात आक्षेप म्हणून नोंदला गेला. २०२२ च्या मार्चमध्ये सदस्यांची मुदत संपली, प्रशासक आले, खुलासा कुणाकडून मागायचा हाच प्रश्न झाला. प्रलंबित आक्षेपांच्या यादीत तो परिच्छेद दरवर्षी मी माझ्या हाताने उतरवते. आता प्रवासभत्त्याच्या देयकाला बोटीची पावती लागते. लेखी आदेश नाही, मी मागते.

चलन भरल्याच्या आठवड्यात तात्या एकटेच आले. त्यांना त्या चलनाची झेरॉक्स हवी होती. मी काढून तशीच हातात दिली, तर त्यांनी दोन रुपयांचं नाणं टेबलावर ठेवलं आणि पावती मागितली. मी पावतीपुस्तक काढून दोन रुपयांची पावती फाडली. त्यांनी चलनाची आणि पावतीची घडी घातली, पिशवी उघडली आणि दोन्ही कागद सातबारा आणि पंचनाम्याच्या मध्ये सरकवले.