जीपचा हँडब्रेक: शू, सील आणि सात खाचा

आमच्या सीजे 3बी जीपचा हँडब्रेक गेली दोन वर्षं नुसता शोभेला होता. डॅशबोर्डाखालचं हँडल ओढलं की कर्रर्र आवाज यायचा आणि गाडी उतारावर निवांत चालायला लागायची. म्हणून सीटमागे एक काळा दगड कायमचा मुक्कामाला. अंबाजोगाईत आमच्या गल्लीला उतार आहे, त्यामुळे जीप थांबली की शेजारचं पोरगं विचारणारच, "काका, दगड लावू का?" शेवटी ह्या रविवारी खाली पोतं अंथरलं.

फक्त कारवाल्यांसाठी थोडं सांगतो. ह्या जीपचा हँडब्रेक चाकात नसतो. ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जिथे बाहेर पडतो तिथेच एक छोटा ड्रम आहे, त्यात दोन शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून धरणारे तुकडे. पायाच्या ब्रेकशी त्यांचा काडीचा संबंध नाही. एवढासा ड्रम अख्खी जीप कशी धरतो? मागच्या हाउसिंगमध्ये चाकांकडच्या मोठ्या चक्राला, म्हणजे क्राऊनला, 43 दात आणि शाफ्टकडच्या छोट्या चक्राला, म्हणजे पिनियनला, 8, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे जवळपास 5.38 फेरे. शाफ्टवर लावलेला जोर चाकापाशी तेवढ्याच पटीने वाढून पोचतो.

पण तो शाफ्ट धरतो, चाक नाही. मागचं एकच चाक जॅकवर उचललं की ते हवेत उलटं फिरायला मोकळं, आणि जमिनीवरचं दुसरं चाक पुढं जायला मोकळं. हँडब्रेक कितीही कडक असो, गिअरमध्ये टाकलेली असो, मागून एक चाक उचललेली जीप जॅकवरून सटकू शकते. ह्या कामाला जॅक लागतच नाही. जीप एवढी उंच आहे की खाली सरपटत जाता येतं.

शाफ्ट काढताना हे विसरलो आणि फजिती झाली. यू-बोल्टचे चार नट सोडले, क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाचा सांधा) वाट्या निसटून आतल्या सुया मातीत सांडू नयेत म्हणून चिकटपट्टी गुंडाळली, शाफ्ट खाली घेतला. जीप बोटभर सरकली आणि दगडावर टेकली. छातीत धस्स! मागचा शाफ्टच सुटला म्हटल्यावर गिअर आणि हँडब्रेक दोन्ही हवेत. मुकाट बाहेर आलो, चारही चाकांना ठोकळे लावले, फ्रंट टाकून, म्हणजे पुढची चाकंही जोडून, गिअर घातला आणि मगच परत खाली गेलो. कामाची सुरुवात खरं तर इथून करायला हवी होती.

मधला मोठा नट पिन काढूनही हलेना. योकमध्ये, म्हणजे शाफ्ट ज्याला जोडतात त्या काट्यात, पहार अडकवली, पान्याला तीन फुटी पाइप जोडला, तेव्हा कुठे कटकन सुटला. पुलर लावून योक आणि ड्रम एकत्र ओढले. आत बघतो तर काळा चिखल, आणि 90 नंबरच्या गिअर तेलाचा तो ओळखीचा गंधकी दर्प. शू चांगले जाड होते! दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये नवे टाकून घेतले होते, तेच. झिजायची वेळच आली नव्हती, बिचारे तेलात पोहत होते. तिथे शू बदलले, पण तेल अडवणारं सील कुणी बघितलंच नाही.

गल्लीतले मिस्त्री डोकावले. म्हणाले, "शू कामून फेकता? स्टोव्हवर भाजा, तेल जळून जातंय." ही युक्ती आपल्याकडे सगळे करतात. मीही केली आहे. चार दिवस ब्रेक झकास लागतो, मग लायनरच्या, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराच्या, पोटातलं तेल परत वर येतं. मी म्हटलं, "मिस्त्री, भाजायची ती वांगी." ते हसले आणि तिथेच बसून राहिले.

आतली धूळ फुंकायची नाही, हवा मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं सगळं पुसलं.

खरी गोम योकवर सापडली. सीलचा ओठ जिथे फिरतो तिथे नख फिरवलं तर नख अडकलं. केसाएवढा चर, पण पूर्ण गोल. इथे नवं सील टाकलं असतं तरी तेल त्या चरातून येतच राहिलं असतं. योक नवा घ्यायचा किंवा लेथवर बुश बसवून घ्यायचा, हे पक्के उपाय. मी तिसरा केला: नवं सील जुन्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर कमी आत ठोकलं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर बसतो. मागच्या कॅपला हात लावला नाही, कारण त्याच्यामागे बेअरिंगच्या शिमा (माप जुळवायच्या पातळ चकत्या) असतात आणि उगाच ते माप बिघडवायचं नव्हतं.

शूला लातूरहून नवे लायनर रिव्हेट मारून आणले. ड्रम पेट्रोलनं धुऊन पॉलिश पेपर मारला. स्प्रिंगा बसवताना एक सुटून थेट मिस्त्रींच्या चहात पडली, त्याचं वर्णन नको.

ॲडजस्टमेंट मात्र मजेची. हँडल पूर्ण आत ढकलायचं. ड्रम फिरवत त्याच्यातली भोकं ॲडजस्टरच्या दातेरी चाकांसमोर आणायची. भोकाच्या कडेला पेचकस टेकवून दोन्ही चाकं शू ड्रमला घट्ट भिडेपर्यंत फिरवायची, आणि मग प्रत्येकी सात खाचा मागं. मला पाचच पुरतील असं वाटलं. पाचवर हाताने ड्रम फिरवला तर घासत होता, सातवर मोकळा झाला.

तेल गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्हीकडे तपासलं, कारण आतून तेल इकडून तिकडे जातं. एकीकडचाच बूच बघून समाधान मानू नये.

काल बीडकडे जाताना मांजरसुंबा घाटात कडेला घेऊन न्यूट्रलमध्ये उभी केली. हँडल ओढलं, पाय काढला. जीप दोन इंच सरकली, खाली कट् झालं आणि थांबली. ती दोन इंच म्हणजे क्रॉस, स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) आणि क्राऊन-पिनियनमधला खेळ. ह्या वयाच्या जीपला तेवढं माफ. तोंड उलटं करून पुन्हा बघितलं, तरी थांबली. चालत्या गाडीत मात्र हे हँडल ओढायचं नाही, सगळा झटका क्रॉसवर येतो.

आज सकाळी खाली वाकून बघितलं. ड्रम कोरडा. पण पुढं, गिअरबॉक्सखालच्या पत्र्यावर एक थेंब. बोटावर घेऊन वास घेतला. गंधक नाही. हे इंजिनाचं तेल आहे.