पिकअपची थरथर आणि दोन दाते

आमची पिकअप २०११ची. अण्णांनी घेतली, त्यांचे गुडघे गेल्यापासून मी चालवतो. नाशिकजवळच्या आडगावहून संध्याकाळी भाजी भरायची, रात्री वाशी, सकाळी परत. वर्षानुवर्षं हा प्रवास कसारा घाटातूनच झाला आणि त्या रस्त्यावर मालाच्या गाडीला एका वेगात दहा मिनिटंसुद्धा सलग चालायला मिळत नाही. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. पहिल्याच फेरीत गाडी ७८वर स्थिर धरली आणि स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. सीटखालीही एक बारीक भणभण होती. ७०च्या खाली आलो की दोन्ही गायब.

इथे मी एक चुकीचा निष्कर्ष काढला आणि पुढचा महिना त्याच्या मागे गेला. मला वाटलं, ही थरथर आधीपासूनच असणार, आपण कधी इतका वेळ ७८ला चाललोच नाही म्हणून कळली नाही. मे महिन्यात क्लच प्लेट बदलली होती, ते मी कोणाला सांगितलंसुद्धा नाही. क्लचचा आणि थरथरीचा काय संबंध?

आधी अलाइनमेंट करून घेतली. ते पैसे त्या कामासाठी वाया गेले. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने खातं; ठरावीक वेगाला येणारी थरथर तिने जात नाही. त्यासाठी बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं, लागतं, आणि तेही चाक उतरवून, रिम आतून धुऊन. माझ्या पुढच्या डाव्या रिमच्या आतल्या अंगाला शेतातला चिखल बसून वाळला होता, चांगला मूठभर. तसंच मशिनवर चढवून शिशाचे तुकडे ठोकले असते तर चिखल निघाल्यावर पुन्हा तोच खेळ.

चिखल काढला, बॅलन्सिंग केलं, फरक पडला. पण थोडाच. तेव्हा मी ठरवलं की आता कोणी काही बदलायला सांगितलं तरी बदलायचं नाही, आधी गाडी नीट ऐकायची. डॅशबोर्डवर वही ठेवली आणि सकाळी परत आल्यावर आडगाव ते ओझर या सरळ पट्ट्यावर रिकामी गाडी घेऊन जायला लागलो. शहरातल्या उड्डाणपुलावर ही तपासणी करू नये, पुलाच्या सांध्यांचे धक्के मध्ये येतात आणि काहीच कळत नाही.

वहीत पहिली नोंद ही: ७५ला पाचवा गिअर आणि ७५ला चौथा, थरथर सारखीच. चौथ्यात इंजिन जास्त फिरतं, चाकं तेवढीच. म्हणजे दोष इंजिनात किंवा त्याच्या माउंटिंगमध्ये नाही. दुसरी नोंद: ब्रेक हळू दाबला तर थरथर वाढत नाही, म्हणजे डिस्क-ड्रमही नाही. तिसरी नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्टेअरिंगमधली थरथर संथ आहे, हेलकाव्यासारखी. सीटखालची बारीक आहे, भुंग्यासारखी, आणि रिकाम्या गाडीत भरलेल्यापेक्षा जास्त. इतके दिवस मी दोन्हींना एकच दुखणं समजत होतो.

टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरी ढकलली आणि टेपने अंतर मोजलं. साधारण २.२ मीटर. ८०च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला दहा वेळा फिरतं. संथ हेलकावा चाकाचा, हे पटण्यासारखं होतं. मग मागची दोन्ही चाकं स्टॅण्डवर उचलून, पुढच्या चाकांना दगड लावून, भावाने आणि मी मागची चाकं बरोबरीने एक फेरी फिरवली. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, चार फेऱ्यांच्या थोडा वर गेला. म्हणजे ८०ला तो सेकंदाला चाळीसच्या पुढे फिरतो. भुंगा तिथलाच असणार, असं त्या दिवशी प्रथम वाटलं.

चाकाचा प्रश्न लवकर मिटला. पुढचे टायर मागे टाकले, स्टेअरिंग शांत झालं, हेलकावा सीटखाली गेला. डाव्या टायरच्या आतल्या बाजूला हात फिरवल्यावर फुगा लागला. त्यावरच्या चार आकड्यांत ३५१८ होतं, म्हणजे २०१८चा पस्तिसावा आठवडा. सात वर्षांचं, फुगा आलेलं टायर घेऊन मी रात्री माल नेत होतो. ते कळल्यावर त्या दिवशीच दोन नवे टायर टाकले.

हेलकावा गेला. भुंगा तसाच.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो, सगळे त्यांना चाचा म्हणतात. वही दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, गाडीखाली गेले, शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून पाहिला. क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या वळत्या सांध्यात, ढिलेपणा नव्हता. शाफ्टला मध्ये धरून ठेवणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर एका बाजूने फाटायला लागलं होतं, आणि गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून ऑइल पाझरत होतं. खालूनच आवाज आला, ‘‘भाऊ, शाफ्ट कोणी काढला होता?’’

मी म्हटलं, कोणी नाही. मग आठवलं. क्लच प्लेट बदलताना गिअरबॉक्स उतरवतात, आणि त्यासाठी शाफ्ट काढावाच लागतो.

चाचांनी मलाच खाली बोलावलं आणि टॉर्च मारून दाखवलं. मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना यॉक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन कानांचे चिमटे असतात, त्यांचे कान एका रेषेत हवेत. आमचे नव्हते. स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्टचा दात्यांवर सरकणारा सांधा, सुटा करून परत बसवताना तो दोन दाते पुढे बसला होता. शाफ्ट तिरका असला की क्रॉसच्या पलीकडचा भाग एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेरीत दोनदा किंचित पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमकं उलट करून ती चूक खाऊन टाकतो, पण कान रेषेत असतील तरच. नसतील तर थोडी चूक उरते आणि सगळ्या गाडीला हादरवते. रिकाम्या गाडीत स्प्रिंगचे पाटे वर उचललेले, म्हणून शाफ्टचा कोन जास्त आणि भुंगाही जास्त. वहीतली तिसरी नोंद त्या एका वाक्यात जुळली.

चाचांनी ग्रीस पुसलं तेव्हा कंपनीने ठोकलेल्या बाणाच्या खुणा दिसल्या, एक इकडे आणि एक तिकडे. बाणासमोर बाण आणून शाफ्ट बसवायला पाऊण तास लागला. सेंटर बेअरिंग आणि सील मात्र नवीन टाकावं लागलं. महिनाभराच्या कंपाने दोन्ही गेली होती, आणि याची हळहळ मला टायरच्या खर्चापेक्षा जास्त वाटते. पहिल्याच दिवशी ‘‘मे महिन्यात क्लच झालाय’’ एवढं बोललो असतो तर ती वाचली असती.

ज्या गॅरेजमध्ये क्लच केला होता तिथेही जाऊन सांगितलं, भांडायला नाही. तिथला मुलगा नवीन होता, बाणाच्या खुणा असतात हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. त्याने वाकून आमच्या शाफ्टचा फोटो काढून घेतला.

त्या रात्री मेथी-कोथिंबीर भरून निघालो. इगतपुरीला समृद्धीवर चढलो, ७८वर काटा धरला. अण्णा मुद्दाम सोबत आले होते. त्यांनी तळहात सीटखालच्या पत्र्यावर ठेवला आणि आमणे येईपर्यंत तसाच राहू दिला. सकाळी परत आल्यावर मी स्लिप जॉइंटवर आडवी पांढरी ऑइलपेंटची रेघ मारली, अर्धी या तुकड्यावर, अर्धी त्या.