फ्रीझरसाठी स्ट्रॉबेरी जॅम, निम्म्या साखरेत

मार्चमध्ये महाबळेश्वर-पाचगणीचा हंगाम उतरणीला लागला की लहान, गडद लाल स्ट्रॉबेरी स्वस्तात मिळू लागते. जॅमला हीच घ्यावी. मोठी, दिखाऊ फळं बऱ्याचदा पाणचट निघतात. फक्त सगळी अगदी पिकलेली नकोत. किलोमागे पावभर तरी थोडी कच्ची, देठाशी पांढरट असू द्या, कारण जॅमला धरून ठेवणारं पेक्टिन फळ पिकत जाईल तसं कमी होतं. डागाळलेलं, बुरशी धरलेलं फळ मात्र कापून घेऊ नका, सरळ टाकून द्या.

बाहेर टिकणाऱ्या जॅममध्ये फळाइतकीच साखर लागते. तयार जॅममध्ये साखरेचं प्रमाण 65 टक्क्यांच्या आसपास असेल तरच तो टिकतो. फ्रीझरमध्ये टिकवण्याचं काम थंडी करते, म्हणून साखर निम्मी पुरते आणि खाताना फळाची चव आधी लागते. तीच या जॅमची खरी मजा.

1 किलो स्ट्रॉबेरी, 500 ग्रॅम साखर, 2 लिंबांचा रस आणि एक लहान आंबट सफरचंद सालासकट किसून. स्ट्रॉबेरीत पेक्टिन मुळात कमी, ती उणीव सफरचंद भरून काढतं. फळं देठासकट धुवा, निथळा, मगच देठ काढा. आधी काढले तर आत पाणी शिरतं. बटाटा मॅशरने जाडसर ठेचा. मिक्सरमध्ये हवा मिसळून फेस वाढतो आणि फळाचे तुकडेही उरत नाहीत. सगळं एकत्र करून दोन तास झाकून ठेवा, म्हणजे साखर रसात विरघळेल.

शिजवायला रुंद, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं हवं. साध्या ॲल्युमिनियमचं किंवा लोखंडी नको, आंबट रसाने चव आणि रंग दोन्ही बिघडतात. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. उकळी येईपर्यंत मध्यम आच, मग मोठी, आणि तळापासून सतत ढवळणं. साधारण 20-25 मिनिटांत पातेल्यातला ऐवज 1.1 किलोवर आला की गॅस बंद. मंद आचेवर तासभर रटरटत ठेवलं की लाल रंग तपकिरी होतो आणि वास शिजवट येतो. एका वेळी 1 किलोपेक्षा जास्त फळ न घेण्याचंही कारण हेच. फेस फार आला तर अर्धा चमचा तूप घाला.

थर्मामीटरवर विसंबू नका. 104-105 अंशांना जॅम तयार होतो, हा नियम पूर्ण साखरेच्या जॅमचा आणि समुद्रसपाटीचा आहे; पुण्याच्या उंचीवरच पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. त्यापेक्षा फ्रीझरमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाका, मिनिटभराने मधून बोट फिरवा. रेघ लगेच मिटली नाही की झालं. हा जॅम विकतच्यासारखा थरथरीत होत नाही, थोडा सैलच राहतो. घट्ट करायच्या नादात आटवत बसू नका.

पूर्ण गार झाल्यावर 200 ग्रॅमच्या डब्यांत भरा. वर दीड सेंटीमीटर जागा सोडा, कारण गोठताना जॅम फुगतो. काचेच्या बाटल्या घ्यायच्याच तर सरळ भिंतीच्या आणि फ्रीझरला चालणाऱ्या घ्या. खांदे असलेली बाटली तिथेच तडकते. झाकणावर तारीख घाला. उणे 18 अंशांना वर्षभर राहतो.

अमेरिकेत न शिजवता करायचीही पद्धत आहे. त्यात पाकिटातलं पेक्टिन लागतं, साखर फळापेक्षा जास्त पडते, आणि ती परस्पर कमी केली तर जॅमचं सरबत होतं. निम्म्या साखरेत करायचा तर शिजवलेलाच बरा.

डबा आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवा. वर पाणी सुटलेलं दिसलं तर ढवळा, मिसळून येतं. उघडलेला डबा फ्रीजमध्येच ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवा. ओट्यावर राहिला तर इतक्या कमी साखरेवर बुरशी लवकर धरते, आणि बुरशी दिसली की वरवर खरवडून न खाता अख्खा डबा टाका.