तीन प्रतींचा गहू आणि न कापलेला इंट्रॉन: माझा अनुभव

लोकवन घ्या, त्र्यंबक घ्या, चपातीच्या कुठल्याही गव्हाच्या पेशीत तीन गवतांचे जनुकसंच एकत्र नांदतात. ए संच ट्रिटिकम उरार्टूचा, बी संच एजिलॉप्स स्पेल्टॉइड्सच्या जवळच्या एका गवताचा आणि डी संच एजिलॉप्स टाउशीचा. गुणसूत्रं एकूण ४२, आणि बऱ्याचशा जनुकांच्या तीन-तीन प्रती. २०१८ साली ‘चायनीज स्प्रिंग’ या वाणाचा संदर्भक्रम, म्हणजे तुलनेसाठी वापरायची डीएनएची अक्षरमाला, प्रसिद्ध झाला, त्यात खात्रीची म्हणता येतील अशी १,०७,८९१ जनुकं नोंदली आहेत. मी पीएचडीला याच गव्हावर काम केलं.

प्रश्न आपल्याकडचाच होता. पेरणी लांबली की दाणा भरण्याच्या वेळी फेब्रुवारी-मार्चचं ऊन गाठतं आणि दाणा बारीक राहतो. अशा वेळी जनुकावरून उतरलेल्या आरएनए-संदेशाची कापणी-जोडणी, म्हणजे स्प्लायसिंग, बदलते का? आणि बदलते तर तीनपैकी कोणत्या प्रतीत? जनुकं तुकड्यातुकड्यांत असतात, जोडून ठेवायचे तुकडे म्हणजे एक्सॉन आणि मधले कापून टाकायचे तुकडे म्हणजे इंट्रॉन, हे रॉबर्ट्स आणि शार्प यांनी १९७७ मध्ये दाखवलं, त्यासाठी त्यांना १९९३ चं नोबेल मिळालं. माणसात एखादा एक्सॉन गाळला जाण्याचा प्रकार जास्त दिसतो. वनस्पतींत मात्र इंट्रॉन न कापता तसाच राहून जाणं सगळ्यात जास्त आढळतं. मला नेमके असे राहिलेले इंट्रॉन मोजायचे होते.

नमुना म्हणून ओंबीखालचं शेवटचं पान घेतलं. दाण्यातल्या स्टार्चमुळे आरएनए काढणं जिकिरीचं होतं, पान त्या मानाने सोपं. इथे एका गोष्टीवर मी अजिबात तडजोड केली नाही: डीनेजची, म्हणजे डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमची, प्रक्रिया. आरएनएमध्ये थोडासाही डीएनए उरला तर त्यातले इंट्रॉन ‘न कापलेले इंट्रॉन’ म्हणून मोजले जातात. त्यामुळे प्रत्येक नमुन्याची एक जोडनळी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजशिवाय, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या एन्झाइमशिवाय, चालवली. त्या नळीत बँड (डीएनए आकारानुसार वेगळा करणाऱ्या जेलवरची पट्टी) दिसला की तो नमुना बाद.

खरं काम सिक्वेन्सिंगनंतर, म्हणजे आरएनएची अक्षरं छोट्या तुकड्यांत वाचून झाल्यावर, सुरू झालं. एकाच जनुकाच्या तीन प्रतींचे एक्सॉन साधारण ९७ टक्के सारखे असतात. म्हणजे १५० अक्षरांच्या तुकड्यात सरासरी चार-पाच फरक, पण ते समान वाटलेले नसतात. काही तुकड्यांत एकही फरक नसतो आणि असा तुकडा तिन्ही गुणसूत्रांवर सारखाच बसतो. सर्वसाधारण सल्ला असा की एकाच जागी बसणारे तुकडे ठेवा, बाकीचे सोडा. मला हा सल्ला या प्रश्नासाठी घातक वाटतो. इंट्रॉनमध्ये प्रतींमधले फरक एक्सॉनपेक्षा जास्त असतात, म्हणून इंट्रॉन असलेला तुकडा सहज ओळखू येतो आणि टिकतो. नीट जोडलेला एक्सॉन-एक्सॉन तुकडा मात्र संदिग्ध ठरून गळतो. परिणामी न कापलेल्या इंट्रॉनचं प्रमाण आहे त्याहून जास्त दिसतं, आणि तेही प्रत्येक प्रतीत वेगवेगळ्या मापाने. दोन तापमानांची तुलना करताना ही चूक काहीशी सावरली जाते, पण ए आणि डी प्रतींची तुलना करताना ती थेट निष्कर्षात उतरते.

मला यातून खपलीने बाहेर काढलं. खपली गव्हात २८ गुणसूत्रं, ए आणि बी हे दोनच संच, डी नाहीच. मग खपलीचा आरएनए पूर्ण ए-बी-डी संदर्भक्रमावर बसवला. डी गुणसूत्रांवर जाऊन बसलेला प्रत्येक तुकडा चुकीच्या जागी बसलेला, हे उघडच. कुठली जनुकं भरवशाची नाहीत ते त्यावरून समजलं, आणि ती विश्लेषणातून काढली. यादी बरीच आखूड झाली. गाइडना ते रुचलं नव्हतं; तक्ते पाहिल्यावर त्यांनीच तो भाग प्रबंधात पुढे आणायला सांगितला.

उरलेल्यांपैकी एका जनुकात उष्णतेत इंट्रॉन राहत होता, आणि तो मुख्यतः बी प्रतीत. संगणकावरच्या आकड्यावर थांबणं मला पटत नव्हतं. प्रायमरचं, म्हणजे हवा तो भाग पकडून त्याच्या प्रती काढणं सुरू करणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्याचं, शेवटचं अक्षर फक्त बी प्रतीत सापडणाऱ्या फरकावर येईल असा बेत केला. पण तो खरोखर बी प्रतच उचलतो याला पुरावा काय? इथे अर्नेस्ट सीअर्स यांची आठवण येते. अमेरिकेत मिसुरीला त्यांनी चायनीज स्प्रिंगपासून गव्हाच्या अशा ओळी (वंश) तयार केल्या की प्रत्येकीत एक गुणसूत्र-जोडी नाही आणि तिच्या जागी भावंड गुणसूत्राची जोडी दुप्पट. १९५४ साली त्यांनी या गव्हांवर सविस्तर लिहिलं. आजही प्रायमरची परीक्षा त्याच ओळींवर होते. ज्या ओळीत माझ्या जनुकाचं बी गुणसूत्र नव्हतं तिथे बँड आला नाही, बाकी ओळींत आला. मग गरम आणि थंड नमुने शेजारी-शेजारी जेलवर लावले. वरचा, इंट्रॉनसकटचा बँड गरम नमुन्यांत ठळक होता. तो कापून सिक्वेन्स करून घेतला. बी प्रतच निघाली.

त्या इंट्रॉनमध्ये प्रथिन बनणं मध्येच तोडणारा अकाली थांबा-संकेत आहे. असा आरएनए पेशी बहुधा नष्ट करते, किंवा तो केंद्रकातच अडकून राहतो. आता रोपांना सायक्लोहेक्झिमाइड देऊन बघायचं आहे. त्याने प्रथिननिर्मिती थांबते, आणि तिच्यासोबत हा नाशही. वरचा बँड आणखी वाढला तर तो आरएनए नष्ट होत होता असं धरता येईल. तितकाच राहिला तर केंद्रकातला आरएनए वेगळा काढून मोजावा लागेल.