तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या टर्नटेबलला कोणती कार्ट्रिज लावू?

घरातलं जुनं टर्नटेबल पुन्हा सुरू करणारे बहुतेक जण मला हेच विचारतात, आणि पुढे जोडतात, "सगळ्यात चांगली सांगा." मी उलट विचारतो, "आर्म कोणता आहे?" मी उत्तर टाळतोय असं त्यांना वाटतं. पण कार्ट्रिजची, म्हणजे सुई असलेल्या छोट्या डबीची, अर्धी निवड तिला रेकॉर्डवर धरणाऱ्या आर्मने आणि उरलेली अर्धी अ‍ॅम्प्लिफायरने आधीच करून ठेवलेली असते.

कार्ट्रिजमधली सुई एका बारीक दांडीच्या टोकाला असते आणि त्या दांडीचं मागचं टोक रबरात बसवलेलं असतं. ते रबर म्हणजे स्प्रिंग आणि आर्म म्हणजे त्या स्प्रिंगवरचं ओझं. रबरबँडला खडा बांधून सोडा, तो भराभर वरखाली होतो. मोठा दगड बांधा, तो संथ हिंदकळतो. आर्म आणि कार्ट्रिजच्या जोडीलाही अशी स्वतःची लय असते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान यायला हवी, कारण वाकलेल्या रेकॉर्डचे हेलकावे साधारण ६ हर्ट्झच्या खाली असतात आणि ऐकू येणारं संगीत २० हर्ट्झच्या वर. मधल्या मोकळ्या पट्ट्यात ती लय राहिली की दोन्हीकडे त्रास नाही.

हिशोब घरी करता येतो. आर्मचा इफेक्टिव्ह मास (हलताना सुईला जाणवणारं आर्मचं ओझं), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करा, तिला कार्ट्रिजच्या कंप्लायन्सने, म्हणजे रबराच्या मऊपणाच्या आकड्याने गुणा, गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा.

हा हिशोब मी फार उशिरा शिकलो. माझ्याकडे २० ग्रॅमचा जड आर्म होता आणि त्यावर मी सगळे वाखाणत होते ती ३० कंप्लायन्सची, ६ ग्रॅमची कार्ट्रिज चढवली. स्क्रू धरून २७ ग्रॅम, म्हणजे उत्तर आलं ५.६ हर्ट्झ, थेट हेलकाव्यांच्या वाटेत. रेकॉर्ड जराशी वाकडी असली की लांब ओढलेला सूर लहरायचा. मी बेल्ट बदलला, मोटरला तेल दिलं, कित्येक महिने दोष तिथेच शोधत राहिलो. पुढे तीच कार्ट्रिज ६ ग्रॅमच्या आर्मवर लावली, उत्तर ८ हर्ट्झवर गेलं आणि सूर स्थिर झाला. कार्ट्रिज पहिल्यापासून उत्तमच होती.

जड आर्मला कडक रबराची कार्ट्रिज मानवते. मला मनापासून आवडणारी डेनॉनची डीएल-१०३ तशी आहे. १९६० च्या दशकात ती जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी बनली. तिचा कंप्लायन्स कागदावर ५ दिसतो, पण जपानी कंपन्या तो बहुधा १०० हर्ट्झला मोजतात. त्याहून संथ लयीला रबर जास्त मऊ वागतं, म्हणून वरच्या हिशोबासाठी तो दीडपट ते दुप्पट धरावा लागतो. ही गोष्ट न कळल्यामुळे चांगल्या जोड्या नाकारल्या जातात, याचं मला वाईट वाटतं.

आता अ‍ॅम्प्लिफायर. डीएल-१०३ सारखी मूव्हिंग कॉइल, म्हणजे सुईबरोबर तारेचं वेटोळं हलणारी, कार्ट्रिज जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट देते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा फोनो इनपुट, म्हणजे टर्नटेबल जोडायची जागा, बहुतेक वेळा मूव्हिंग मॅग्नेटसाठी (जिच्यात वेटोळ्याऐवजी चुंबक हलतो), म्हणजे काही मिलिव्होल्टसाठी असतो. मध्ये व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर नसेल तर आवाज क्षीण आणि खरखर मोठी. याच्या उलट, सिरॅमिक, म्हणजे कितीतरी जास्त व्होल्टेज देणाऱ्या, कार्ट्रिजसाठी बनलेल्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरला वरच्या दोन्हींसारखी मॅग्नेटिक कार्ट्रिज नुसती जोडून चालत नाही. तिथे हा क्षीण सिग्नल वाढवणारा वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प लागतोच.

सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कपॅसिटन्स, केबल आणि इनपुट थोडी वीज साठवून धरतात तो गुण. ५०० मिलिहेन्रीच्या (हे तिच्या वेटोळ्याचं माप) मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला केबल आणि इनपुट मिळून २०० पिकोफॅरड मिळाले तर तिचा विद्युत अनुनाद, म्हणजे सिग्नल उगाच फुगतो ती जागा, १६ किलोहर्ट्झच्या आसपास राहतो. ५०० झाले की तो १० किलोहर्ट्झवर उतरतो: तिथे आवाज टोचतो आणि त्याच्या वर झपकन गळून जातो. लोक अशा वेळी सुईला दोष देतात. केबल आखूड करून पाहा. मात्र शुअरच्या व्ही१५ टाइप थ्री या कार्ट्रिजला कंपनीनेच ४०० ते ५०० पिकोफॅरड सांगितले होते, त्यामुळे आधी कार्ट्रिजचा कागद वाचा.

७८ आरपीएमच्या रेकॉर्डसाठी सुई वेगळीच हवी. एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासते.

आणि नवीन काही घेण्याआधी एवढं करा. स्पीकरची जाळी काढा, थोडी वाकलेली रेकॉर्ड लावा आणि दोन गाण्यांमधल्या शांत जागेत स्पीकरच्या मोठ्या गोल पडद्याकडे पाहा. आवाज नसतानाही तो सावकाश आतबाहेर होत असेल, तर मला त्या आर्मचं नाव कळवा.